डेंगे

ही गोळी दुधाबरोबर घ्यायची नाही,
मोंडकर कंपाउंडरने पुडीवर पेनाने लिहून दिलं होतं.
तरी आई दुधातूनच देत राहिली बाबांना,
रिकाम्या पोटी औषध कसं द्यायचं म्हणून.
ताप नऊ दिवस हलला नाही.
दहाव्या दिवशी उतरला
आणि श्रेय दुधाला मिळालं.

एम.एस्सी.ला कळलं, काय झालं होतं ते:
दुधातल्या कॅल्शियमला गोळी दोन ऑक्सिजनांनी धरून बसते,
मग दोघांनाही पुढे जाता येत नाही.
सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले, कीलेट,
ग्रीक शब्द आहे, खेकड्याची नांगी.
मागच्या बाकावर मी पुटपुटले, डेंगो.
आमच्याकडे हा शब्द चुलीजवळ असायचा,
टोपलीतून सुटला तर बोट सोडत नसे.

आता मी तेच मुद्दाम करते.
वेंगुर्ल्याच्या कॉलेजात, वरच्या मजल्यावर,
एका चंबूत औषध, दुसऱ्यात कॉपर क्लोराइड,
थेंब
थेंब,
पाच तास उकळी.
नळ करंगळीएवढा झाला की कंडेन्सर तापतो,
तातू वाघाटकर बादल्या वाहतो, शिव्या नगरपालिकेला.
तांबं मला ठाऊक होतं ते चिंचेने घासलेल्या बंबाचं.
इथे ते विरघळून हिरवं, मग निळसर,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग तळाशी चिमूटभर भुकटी.

खाऱ्या हवेत काही कोरडं राहत नाही.
पोटॅशियम ब्रोमाइडची चकती काचेसारखी हवी,
ती मोतीबिंदू झाल्यासारखी येते.
म्हणून नमुना आंबोलीच्या घाटाने कोल्हापूरला,
एस.टी.च्या पार्सलात, आंब्याच्या पेट्यांखाली.
अठरा दिवसांनी आलेख आला.
सतराशेजवळची दरी बुजली होती.
म्हणजे त्याने धरलंय.
मी तो कागद तातूला दाखवला, दुसरं कोणी नव्हतं.

जिवाणूंच्या थाळीत
नुसत्या औषधाचं वर्तुळ चोवीस मिलिमीटर,
तांब्यासकट बावीस.
तीनदा मोजलं.
सर म्हणाले, हेही लिहायचं.

घरी आईला कुपी दाखवली.
तिने उजेडात धरली, हलवली.
ह्यां घेतलां काय ताप जातलो?
म्हटलं, माहीत नाय.
मगे दुधावांगडा देव नको कोणाक,
ती म्हणाली,
आणि कुर्ल्यांचे डेंगे पाट्यावर ठेवून
वरवंटा शोधू लागली.