खोली बोलायलीय

वसमतच्या मोंढ्यामागं वाचनालयाची दहा बाय बाराची खोली.
कपाटाशेजारचा जुना डबा उघडला
तर आतल्या पंख्याची पाती पिवळीजर्द.
हळदीच्या हंगामात इथं सगळंच पिवळं होतं,
नोटा, रुमाल, पुस्तकांच्या कडा,
आता हा सर्व्हरही.
ब्रशनं झाडला. डेबियन चढवलं.
लांबून आत यायला एक दार उघडलं,
तेहतीसशे एकोणनव्वद नंबरचं.
चाँदपाशाला म्हणलं, रात्री कुलूप लाव,
पण मशीन चालू राहू दे.
'म्हंजे दार बंद करून उघडं ठिवायचं?'
म्हणलं, हाव. तसंच.

दुसऱ्या दिवशी सेलूला, प्रयाग गिरामच्या ओसरीत.
जुनी पुस्तकं स्कॅन होतात, मशीन ती मोठ्यानं वाचतं,
प्रयाग ऐकते अन् चुका पकडते.
घरचं धर झालेलं. भातचं मात.
एवढ्यासाठी ती परभणीला गाडी बदलून यायची,
एका हातात काठी, एका हातात डबा.

पासवर्ड टाकला.
पडद्यावर वसमत उमटलं, तेच निळं आभाळ,
तीच कोपऱ्यातली कचरापेटी.
'आलं!' मी ओरडलो.
'काय आलं?' प्रयागनं विचारलं.

मी गप्प.
आवाजाच्या खिडकीत हिरवी पट्टी नाचायलेली,
म्हणजे कुणीतरी बोलत होतं.
कुठं?

तेवढ्यात फोन.
'सर, आपका कमरा बातां कररा.
कुलूप तसंच है. आत एक बाई म्हन्तीय,
फाइल. संपादन. दृश्य.
कचरापेटी रिकामी.'

प्रयाग हसली, आधी तीच हसली.
'माझीच बाई ती. तिला म्हणावं, इकडं ये.'

इकडं यायला बाईला चार तास लागले.
सोर्स उतरवला, मॉड्यूल बांधायला घेतलं,
एक फाइल सापडेना, दुसरी जुनी निघाली.
तपासायला म्हणून तिकडं एक प्रकरण वाचत ठेवलं होतं
ते वाचतच राहिलं बंद खोलीत.
मधी वसमतची लाईट गेली.
चाँदपाशानं कुलूप काढून बटण दाबलं,
'माफ करना अम्मा' म्हणून परत लावलं.
लॉग आउट. लॉग इन.
यादीत एक नवं नाव, शेवटी सिंक.
'सिंक म्हंजे भांडी घासायचं ना?' प्रयाग म्हणली,
'बरंय. चुका धुवायला.'

आधी नुसती खरखर.
मग तडतड, तव्यावर मीठ टाकल्यासारखी.
मग बाई बोलली, सेलूत, ओसरीत, स्वच्छ.
प्रयागनं लगेच तिचा वेग वाढवला,
इतका, की मला एक शब्द कळेना.
माझ्यासाठी ती पावसाची सर होती पत्र्यावर,
तिच्यासाठी सुट्टी सुट्टी वाक्यं.
तिनं लॅपटॉपचं झाकण मिटलं अन् बाई मेली.
झाकण मिटल्यावर झोपायची त्याची खोड मी काढून टाकली.
आता झाकण मिटूनच ती काम करते,
वर चहाचा कप ठेवून.

तिसऱ्या रात्री चाँदपाशाचा फोन.
'खोली गप झाली, सर. बिघडली का?'
म्हणलं, नाही, आता तिचा आवाज सेलूला जातो.
तो थोडा वेळ काहीच बोलला नाही.
मग म्हणला, 'वो उंटवाला…
नदी उतरला का न्हाई?'

प्रयागला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं,
'एक आवाज दोन जागी सोडता येत नाही का?'
येतो. एका ओळीचं काम.

दिवसभर ती सुसाट ऐकते,
वसमतची खोली दिवसभर न कळणारं काहीतरी पुटपुटते.
साडेसातला, चाँदपाशा कुलूप लावतो त्या वेळेला,
प्रयाग वेग उतरवते, माणसाच्या बोलण्याइतका,
अन् शेवटचं प्रकरण लावते.

आवाज सेलूला पोचायला अर्धा सेकंद लागतो.
तेवढा आधी तिकडं
दाराबाहेरचं स्टूल करकरलेलं असतं.