रकाना एकच

पतपेढीच्या अर्जात रकाना एकच:
सरासरी दैनंदिन उत्पन्न.
रबरी शिक्क्याएवढी जागा.
समोर चांगुणा वैती, खारदांडा.
थर्माकोलची पेटी फुटली,
आता मोठी हवी, बर्फ दुपारपर्यंत टिकवणारी.
बोटांवर खवल्यांची चकाकी,
आधार कार्डही किंचित दमट.

म्हटलं, मावशी, मागच्या आठवड्याचं सांगा.
बर्फ, टेम्पो, कोयत्याची धार, सगळं वजा जाता
हातात काय उरलं ते.

ती उलटी सांगत गेली,
टोपलीतला वरचा मासा आधी निघतो तशी.
शनवार अडीचशे. शुक्रवार साडेचारशे.
गुरवारी बसलेच नाय, नातीच्या शालेत बोलावलेलं.
बुधवार पाचशे, मंगळवार चारशे,
सोमवार परत अडीचशे.
आणि रविवार...
इथे ती हसली.
चिंबईला हलद होती रं,
पापलेट, कोलंबी, सगली टोपली
एकाच दारात रिती.
चार हजार शंभर!

बेरीज पाच हजार नऊशे पन्नास.
भागिले सात.
साडेआठशे, बाकी शून्य.
भाग पुरा गेला की
शाळेपासून मला उगाच बरं वाटतं.

ती म्हणाली, पन साडेआठशे मना
कंच्याच दिशी नाय भेटले.

मग अर्जाच्या पाठीवर
तिचा आठवडा लहानापासून मोठ्यापर्यंत मांडला:
शून्य, अडीचशे, अडीचशे,
चारशे,
साडेचारशे, पाचशे,
आणि पार कडेला, रांगेत न मावणारा तो रविवार.
मधोमध चारशे.
मध्यक हट्टी असतो.
हळदीचे चार हजार येवोत की चार लाख,
तो जागचा हलत नाही.
आणि परत परत येतात ते अडीचशे.
त्याला पुस्तकात बहुलक म्हणतात,
तिच्या तोंडी त्याला नाव नाही,
‘नेहमीचं’ एवढंच.

गुरुवार गाळायचा का? मी विचारलं.
गाळला तर दिवस उरतात सहा,
मधली जागा रिकामी पडते,
शेजारचे दोघे ती वाटून घेतात, सव्वाचारशे.
ती म्हणाली, न बसलेला दिस पन
जेवाया मागतंच की.
गुरुवार राहिला.

आमचा नियम असा:
पाचशेच्या खाली अर्ज परत.
चारशे लिहिले तर परत. अडीचशे लिहिले तर परतच.
मी साडेआठशे लिहिले.
खोटं नव्हतं. पुन्हा भागून पाहा, हवं तर.
साहेबांनी सही केली, चष्मा न लावता.

मग प्रिंटरमधून कागद सरकत आला:
हप्ता रोजचा, उत्पन्नाच्या तीस टक्के,
दोनशे पंचावन्न.

तिने बोटांच्या पेरांवर काही मोजलं,
पुन्हा मोजलं.
म्हंजे रविवारच्या हलदीचं करज
सोमवारनं फेडायचं?

पंखा फिरत होता.
मी टाचणी शोधायला लागलो,
टाचणी समोरच होती.

पेटी आली. निळी, जाड झाकणाची.
बर्फ खरंच टिकतो म्हणे दुपारपर्यंत.
आमचा वसुलीवाला प्रदीप रोज संध्याकाळी
बाजाराच्या तोंडाशी उभा राहतो.
त्याच्या वहीत वैतीबाईंच्या पानावर
सोमवार: बाकी पाच.
शनिवार: बाकी पाच.
पुढच्या सोमवारी पुन्हा पाच.
अडीचशेच्या दिवशी अडीचशेही दिल्यावर
घरी काय शिजलं,
त्याला वहीत रकाना नाही.

महिनाअखेर ते पान माझ्याकडे येतं.
सवयीने मी आकडे लहान-मोठे लावतो,
मधला शोधतो, बेरीज करतो.
गरज नसते.
सगळ्यांत जास्त वेळा आलेला आकडा
दुरूनच दिसतो.
पाच.