बालिस्टर

पशुवैद्यक महाविद्यालयाच्या तळघरात
वजन करून, भाव ठरवून ठेवलेल्या रद्दीत
ही वही होती.
मी सुतळी सोडून पहिलं पान पाहिलं
आणि रद्दीवाल्याला म्हटलं, एवढी राहू दे.
त्यानं तेवढे ग्रॅम वजा केले.

नाव बॅरिस्टर.
खाली त्याच हातानं, पण पातळ शाईत :
मोतद्दार यास बालिस्टर म्हणतात.
रंग तेलिया कुमैत. उंची पंधरा मुठी दोन बोटं.
मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा.
आगबोटीनं मुंबई, तिथून रेल्वेनं नागपूर,
नागपूरहून कामठी छावणीपर्यंत पायी,
रात्री, कारण ज्येष्ठ होता.
वंशावळ सहा पिढ्या मागे जाते
आणि एका अरबी घोड्यापाशी थांबते.
त्या घोड्याचं नाव दिलेलं नाही,
विकणाऱ्याचं दिलं आहे.

शर्यती नऊ, कन्हानच्या काठच्या मैदानावर.
पहिला सहा वेळा, दुसरा दोन,
एकदा धावलाच नाही, उभा राहिला.
कारकून रघुपत दाणी, अक्षर मुंगीच्या रांगेसारखं,
शेऱ्याच्या रकान्यात लिहितो :
झेंडा पडल्यावर एक श्वास थांबतो,
झेंडेवाल्याकडे पाहतो, मग निघतो.
सहाही वेळा असाच थांबून निघाला,
आणि शेवटच्या फर्लांगात
पुढच्यांच्या धुळीतून बाहेर आला.
बालिस्टरच तो.
समोरच्याचं ऐकून घेतल्याशिवाय बोलणार कसा?

मग गुडघा गेला.
मग पुढची अकरा वर्षं नुसते रकाने :
घोडी, मालक, तारीख, फी, लागली, न लागली.
फलटणीच्या घोड्या, मालगुजारांच्या घोड्या,
एक घोडी भंडाऱ्याहून चार दिवस चालत आलेली,
न लागली, फी परत नाही.
एकेचाळीस शिंगरं. कोण कुठल्या रिसाल्यात गेलं,
कोण खड्ड्यात पडलं, कुणाला विकलं, किती रुपयांना,
सगळं आहे.

सुकलू मडावी या वहीत एकदाच येतो.
अकरा वर्षं त्यानं घोड्याला चोळलं, पाजलं,
गुडघ्याला रोज रात्री मोहाच्या तेलाचा हात दिला असेल,
हे माझं आपलं. वहीत एवढंच :
मोतद्दार सुकलू, रात्री झोपल्याबद्दल
दंड दोन आणे. अडसर उघडा सापडला.
त्या आठवड्यात डाकेच्या टांग्याची एक घोडी
छावणीच्या तळ्यावर मोकळी चरत होती,
असं दाणी पुढच्या पानावर लिहितो,
भलत्याच रकान्यात, गवताच्या हिशेबाखाली.
पुढे काहीच लिहीत नाही.
शहाणा माणूस.

शेवटची नोंद वैशाखातली.
पोटशूळ. दोन दिवस.
कातडं दोन रुपये चार आणे, जमा.

परवा गांधीबागेत वरात अडली होती.
घोडी काळपट, पाठीवर जरीची झूल,
डोक्यावर पिसांचा तुरा, कानात कापूस.
मी वाकून मागचा डावा पाय पाहिला.
मेंदी लावली होती, घोट्याच्या वरपर्यंत.
शकूरभाई म्हणाला, काय पाहता जी, नाल बरोब्बर आहे.
मी म्हटलं, कुठची?
म्हणाला, कामठीची. हिची मायबी कामठीचीच होती.
तिच्या मायचं मले काय मालूम.

बँडमास्तरनं हात वर केला, खाली आणला.
क्लॅरिनेट सुरू, ताशे सुरू, पोरं सुरू.
घोडी हलली नाही.
नवरदेवानं टाच मारली, काकानं शिट्टी.
थांबा ना, शकूरभाई ओरडला,
थे थांबते जी थोडी. मंग जाते.

तिनं मान वळवली,
बँडमास्तरकडे पाहिलं.
एक श्वास.
मग अशी निघाली
की नवरदेवाचा फेटा मागे राहिला,
आणि काका, हातात फेटा घेऊन,
सेवासदन चौकापर्यंत पळाला.