कुंपण काढल्यावर

तार गुंडाळली त्या दिवशी भिक्खू आले होते,
वनखात्याची जीप आली होती, शाळेची पोरं
गालांना तनाखा फासून रांगेत उभी.
सूत्रपठण झालं. भाषण झालं.
कासवं मान आत ओढून बसून राहिली.
पोरं कंटाळली, ताडगूळ चघळत घरी गेली.

मी राहिलो. मला पगारच त्याचा आहे.

पूर्वी पगार नव्हता, नगावर भाव होता.
पाठीवरच्या चांदण्या जितक्या रेखीव
तितका मंडालेचा दलाल वर चढायचा.
ओल्या गोणपाटात तीस-तीस,
गाडीत वरून भुईमुगाचा पाला.
त्या पैशांत युझनाचं लग्न झालं, छपरावर पत्रा आला.
पत्रा अजून गळत नाही.
हे मी डॉक्टरीणबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं.
त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला ती सापडतात तर."
आणि वही दिली.

वहीत लिहायचं : कोण, कुठं, किती वाजता.
आठ नंबर रोज सकाळी निघायची
निवडुंगाखालून, वाळलं गवत मोडत,
थेट जिथं तार होती तिथवर.
तिथं थांबायची.
समोर काही नाही. नुसती जमीन, तीच, पुढची.
हवेला नाक टेकवायची
आणि वळायची,
नसलेल्या तारेला धरून चालत राहायची.

अकरा दिवस.
मला हसू यायचं. मग येईना.
गोणपाट टाकून मला सात वर्षं झाली,
अजून बाजारात खाकी दिसली की
मी रस्त्याची कड बदलतो.

बाराव्या दिवशी धुळीत माग दिसला.
दोन्ही अंगांनी नखांची टिंबं, मधे कोरं,
रेषेपाशी जराही न थबकता
बाभळीकडे, तिथून ओढ्याच्या उताराला.

पहिला विचार आला तो जुनाच :
ताजा आहे. तासाभराचा. झुडपात असेल.
पायांनी दोन पावलं टाकलीसुद्धा.

मग कडुलिंबाची डहाळी मोडली
आणि बाभळीपासून मागे मागे सरकत
सगळं झाडून काढलं,
तिचा माग, त्यावरची माझी दोन पावलं.
ओढ्याकडचं मी पाहिलंच नाही
असं धरून चाललो.

वहीत लिहिलं :
आठ नंबर. सकाळ. दिसली नाही.