आली

बहारीनमधल्या या गावाचं नावच आली.
कोण आली, हे कुणी विचारत नाही.

गोदामाच्या कुंपणापलीकडे
चार हजार वर्षांची थडगी, उंटांच्या पाठींसारखी;
एकात कुंभाराची भट्टी धुमसते.

मुबीन परकार रात्रपाळीत कादंबरी वाचतो.
फाटक्या मुखपृष्ठावर नेर्गल,
बाबिलोनचा मृत्युदेव,
अंगात सूट, नखं सिंहाची.

"एवढं काय आहे यात?"
"तुझा यम घरचा रे, रेड्यासकट.
माझा इज्राईलही.
दोघांकडे आपला पत्ता आहे.
याच्याकडे नाही.
भ्यायला मजा येते."

मग पाताळराणीची सात दारं.
प्रत्येक दाराशी उतरवून घेतात
मुकुट, कर्णफुलं, कंबरपट्टा.
मुबीन वाचता वाचता थांबतो,
बोटं मोजतो:
मुंबईला बूट नि पट्टा,
इथं पासपोर्ट, मालकाच्या खणात.
मग पहिल्या वर्षाचा पगार.
"म्हणजे मी चौथ्या दाराशी,"
आणि पान दुमडतो.

शेवटची पानं कुणीतरी आधीच फाडलेली.
राणी परत सोडते का, कळत नाही.

पहाटे कुंभार थडग्याचं तोंड उघडतो.
आतून एकेक माठ बाहेर,
उघडा, गरम,
कागदपत्रांशिवाय.