बारावी चकती

टपलो कस्टर्डच्या प्रत्येक डब्यात
झाकणाखाली एक पुठ्ठ्याची चकती असायची.
चकतीवर बगळा: डोक्याला काळी गोल हॅट,
बगलेत छत्री, आणि एका पायावर अशा थाटात उभा
की गूलच्या बंदरातला सगळा माल
जणू त्याच्याच नावावर उतरतोय.
बगळ्याचं ध्यान कशावर असतं ते जगाला ठाऊक आहे.
ह्याचं पुडिंगवर.
बारा चकत्या पाठवा, वर टपालाचा एक शिलिंग,
की घरी येणार रबरी मिस्टर टपलो,
पोट दाबलं की शिट्टी वाजवणारा.

साल अडुसष्ट.
त्या साली जो तो काहीतरी जमवत होता.
माझा भाऊ चहाच्या पाकिटातली चित्रं,
आई किराणावाल्याचे हिरवे स्टँप,
एका इस्त्रीसाठी वह्याच्या वह्या चाटून चिकटवलेले,
आणि वडील, त्यांच्याच शब्दांत, फक्त धीर.

पाकिटं आम्ही दोघी फोडायचो, विनिफ्रेड स्लेटर आणि मी,
दुसऱ्या मजल्यावर, जिथे भिंतींनासुद्धा व्हॅनिलाचा वास.
रोज चार पोती टपाल.
बाराचा गठ्ठा, रबर बँड, शिक्का.
अकरा निघाल्या तर छापील कार्ड:
"मिस्टर टपलो दिलगीर आहेत."
बगळ्याची सही माझ्याकडे होती.
तिरकी, शेवटच्या अक्षराला चोचीसारखं टोक.
दिवसातून साठ वेळा मी दिलगीर व्हायचे
आणि पाचाच्या भोंग्याला घरी जायचे.

मार्चातल्या एका मंगळवारी विनी मोजता मोजता थांबली.
बोलली काही नाही. चकती माझ्याकडे सरकवली.
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून कापलेला गोल,
कात्रीने नाही, बहुतेक सुरीने,
मागे अजून अर्धं 'व्हिटॅमिन' शाबूत.
पुढे मेणखडूचा बगळा,
हॅट खांद्यांपर्यंत आलेली, आणि पाय दोन्ही जमिनीवर,
कारण एका पायावर, पत्रात लिहिलं होतं,
तो दमत असेल.
ग्लेनिस थोर्प, वय सात, बार्न्सली.
"आम्ही अकरा डबे खाल्ले. आई म्हणते आता पुरे.
भावाला पिवळं दिसलं तरी उलटी येते."

विनीने मोजल्या. मोठ्याने. बारा.
"बारा," मी म्हटलं, आणि शिक्का मारला.
इतकं सोपं असतं, हे तोवर माहीत नव्हतं.

शुक्रवारी ऑग्डनसाहेब, चष्मा कपाळावर,
एका चकतीसाठी अख्खा हिशेब दोनदा उलगडून बसले.
खडूची चकती विनीच्या पर्समध्ये होती, आतल्या कप्प्यात.
त्याच पर्समधून तिने साडेतीन शिलिंग काढले.
म्हणाली, एक बगळा मी नेला, भाच्यासाठी.
भाचा तिला नव्हता.
भाऊ नव्हता, बहीणही नव्हती.

पुढल्या वर्षी लंडनच्या कुणीतरी कंपनी घेतली.
नव्या डब्यावर नुसती अक्षरं आली,
नारिंगी, गरगरीत, एकमेकांना टेकून बसलेली.
बगळा म्हणे जुनाट दिसतो.
साचे भंगारात गेले, ऑग्डनसाहेब बागकामात.
पत्रं मात्र येत राहिली, किती तरी महिने,
बाराबाराचे गठ्ठे, शिलिंग चिकटपट्टीने चिकटवलेले.
दिलगिरीची कार्डं संपली
तेव्हा विनी हाताने लिहायला लागली,
"मिस्टर टपलो नदीवर गेले आहेत,"
आणि शिलिंग परत घालायची पाकिटात.
सही मीच करायचे.

विनी जाऊन आता सहा वर्षं झाली.
परवा कालव्याच्या पुलाजवळ बसची वाट बघत होते,
तर पलीकडच्या चिखलात खराखुरा बगळा.
करडा, बोडका, एका पायावर.
मी बघत राहिले. तो पाण्याकडे.
बराच वेळ काहीच झालं नाही.
मग, माझी बस वळणावर दिसली तेव्हा,
त्याने दुसरा पाय सावकाश खाली ठेवला.