आठ तास

बोटीवरून आणलेलं भांडं
कुडतरीच्या ओट्यावर मांडलं.
डुकराचा खांदा, कांदे, गूळ, माडाचं व्हिनेगर,
वर काचेचं झाकण.
"आठ तास," मी म्हणालो.

केरोबिनामावशी तीनदा येऊन वाकली.
"रटरटत नाही, ते शिजतंय कसलं?"

दोनला वीज गेली.
चाचपडत उठलो, तर
भांड्याला पपांचा स्वेटर घातलेला,
जहाजावरचा, कोपराशी उसवलेला,
आणि खुर्चीत ती,
तापातल्या पोराच्या उशाशी बसावं तशी.

चारला दिवे आले.
मग पोदेराचा भोंपू.

काटा नुसता टेकवला,
मांस धाग्याधाग्यानं सुटत गेलं.
गरम पोई फाडून भरली, दिली.
"मिरची कमी," ती म्हणाली
चावत, डोळे मिटून.

स्वेटर मात्र
भांड्यावरून काढू देईना.